हुंकार देणारं कुणीतरी

१

राजेश्वरीचं काम सकाळी दहाला सुरू व्हायचं. ती त्याला कामच म्हणायची, लोक काहीही म्हणोत.

त्या आधीचे पाच तास घराचे असत. तिचा नवरा रणधीर पहाटेच भूमच्या बाहेर, त्यांच्या खव्याच्या भट्टीवर जाई. मुलगी शिकायला बार्शीला. मग राजेश्वरी आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, सगळं आवरी. तोंड पुसणं, चहात भिजवलेली खारी, गोळ्या, कूस बदलणं. दहाला शेजारच्या सायराबी शिवणाची पिशवी घेऊन आबांच्या खाटेपाशी येऊन बसत. त्यांना ऐकू जवळजवळ येत नसे, पण नजर पक्की होती, आणि आबांवर त्यांचा जीव होता. एवढं झालं की राजेश्वरी बाहेरच्या जिन्यानं वरच्या पत्र्याच्या खोलीत जाई.

दहा ते एक. तेवढ्या वेळात गूढकथेचा एक भाग व्हायलाच हवा. मोबाइलवर गोष्टी ऐकवणारं एक ॲप होतं, त्याच्यासाठी ती रोज एक भाग लिहायची. एक वाजून गेला की पुण्याच्या ऑफिसातल्या निकिताचा मेसेज यायचा, 'ताई, भाग?' एवढाच. पोरगी गुणी होती, पण तिच्या त्या प्रश्नचिन्हाचा राजेश्वरीला मनापासून राग यायचा.

गावातल्या बायका म्हणायच्या, तुझी काय बाई मजा आहे, बसून नुसत्या गोष्टी जुळवायच्या. राजेश्वरी हसून सोडून द्यायची. मजा होती, पण ती पहिल्या वर्षी. तेव्हा लिहिता लिहिता खाली भाजी करपायची आणि हिला पत्ता नसायचा. आता भाजी कधीच करपत नव्हती. भट्टीवरच्या कढईत दूध आटेपर्यंत ढवळत राहावं लागतं, तसं ती एक वाजेपर्यंत शब्द ढवळत राहायची आणि आटलेलं काहीतरी निकिताला पाठवून द्यायची. याचं तिला फार वाईट वाटायचं. कुणाला सांगावं असं ते दुःख नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही.

श्रावणात जिन्यावर पाय घसरला आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. दीड महिन्याचं प्लास्टर. निकितानं तोडगा काढला. फोनला तोंडी सांगा, तो आपोआप लिहून घेतो. राजेश्वरीनं फोन टेबलावर उभा केला आणि खोलीत येरझाऱ्या घालत गोष्ट सांगायला सुरुवात केली. एका वाटसरूची गोष्ट. तो एका गावात मुक्कामाला थांबतो आणि मग त्या गावाबाहेर जायची वाटच त्याला सापडत नाही. साठ भागांची मालिका, त्यातले चाळीस झालेले.

भाग संपवून ती चुका दुरुस्त करायला बसली. पडद्यावर उमटलं होतं:

'वाटसरूनं दार वाजवलं. हं. आतून कुणी ओ दिली नाही. हं. त्यानं हळूच कडी काढली. हं.'

राजेश्वरीनं एकदाही हं म्हटलेलं नव्हतं.

२

त्या दिवशी तिनं एकूण एक्केचाळीस हं खोडले, डाव्या हाताच्या अंगठ्यानं, एकेक करून.

बाई डोक्यानं शाबूत होती. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारी माणसं सहसा भुताखेतांवर विश्वास ठेवत नाहीत, ती आतून कशी बनवतात हे त्यांना माहीत असतं. फोन येडा आहे, असं तिनं ठरवलं. त्यानं 'भूम'चं 'धूम' केलं होतं, 'खाटे'चं 'काटे' केलं होतं. पंख्याच्या घरघरीला तो हं समजत असेल. दुसऱ्या दिवशी तिनं पंखा बंद केला. घामानं भिजली, आणि हं झाले बावन्न.

मग ते कुठं कुठं येतात हे तिनं पाहिलं, आणि तिथं ती जरा थांबली. ती दम घ्यायला थांबे तिथं हं येत नव्हता. जिथं ऐकणाऱ्याला पुढचं हवंसं वाटेल, नेमका तिथं येत होता. मधे तिनं एक परिच्छेद नुसता भरताड म्हणून सांगितला होता. गावची शाळा, शाळेचं कुंपण, कुंपणापलीकडचं शेत. त्या अख्ख्या परिच्छेदात एकही हं नव्हता.

तिनं दुपारी जेवताना रणधीरला सांगितलं.

"तूच म्हणत आसशील," तो म्हणाला. "झोपंत बी बोलतीस तू."

"मी न्हाय म्हणत. आन् म्या म्हणलं आसतं तर कंटाळवाण्या जागी बी म्हणलं आसतं."

"मग मामा आसतील खालून." जावई आबांना मामा म्हणायचा. "ती जाळी हाय की."

आणि राजेश्वरीनं हातातला घास ताटात ठेवला. हे तिच्या लक्षात कसं आलं नव्हतं. वरच्या खोलीच्या फरशीत खाली उजेड जावा म्हणून हातभर चौकोन सोडलेला होता, त्यावर लोखंडी जाळी. आबांची खाट बरोबर त्याच्याखाली.

बलभीम आबा एके काळी तेर गावाच्या भागात गोष्टी सांगणारे म्हणून माहीत होते. खळ्यावर, लग्नघरात, नदीकाठी. पण आबांचा एक नेम होता. आधी समोरच्यांतला एक जण हुंकार द्यायला बसवायचा. गोष्ट चालू असताना त्यानं ठिकठिकाणी हं म्हणायचं. त्याला डुलकी लागली की आबा वाक्य अर्धं सोडून उठत. लहानपणी राजेश्वरी हुंकार द्यायला बसायची. एकदा तिनं भिंतीपुढं बाहुली मांडून तिला गोष्ट सांगायला घेतली, तर आबांनी येऊन बाहुली उचलली. "हुंकार द्यायला माणूस लागतं, पोरी. रिकाम्या जागंला गोष्ट सांगू न्हाय." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गावोगावच्या माणसांना तासन् तास खिळवून ठेवणाऱ्या माणसाकडं आता एकच आवाज उरला होता, आणि तो होता हं.

जेवणाचं ताट तसंच ठेवून ती त्यांच्या खाटेपाशी गेली. "आबा, तुम्ही हुंकार देत होता व्हय? माझ्या गोष्टीला?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. "हं," ते म्हणाले.

तिनं त्यांचा लुळा हात गालाला लावला आणि मनसोक्त रडली. आबा प्रत्येक गोष्टीला हंच म्हणतात, हा विचार त्या वेळी तिच्या मनात आला नाही.

३

पुढचे दहा-बारा दिवस राजेश्वरीच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

ऐकणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर गोष्ट पळायला लागली. ती जाळीच्या बाजूनं तोंड करून सांगायची. कुठं लांबवायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं ऐकणाऱ्याला टांगणीला लावायचं, हे सगळं हाताचं प्लास्टर विसरून, हातवारे करून चालायचं. एखाद्या जागी ती स्वतःच खुदकन हसायची. एके दिवशी एका बैठकीत तीन भाग झाले. एक कधी वाजला ते कळलं नाही, आणि खाली डाळ करपली.

"डाळीला वास मारतोय," रणधीर म्हणाला.

"मारू द्या की," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तोही हसायला लागला.

भाग वाचताना ती आता हं मोजायची. कुठं दोन आलेत, कुठं आलाच नाही. जिथं नाही आला ती जागा पुन्हा सांगायची. इतका चोख ऐकणारा तिला जन्मात मिळाला नव्हता.

मग आबांना तपासणीसाठी धाराशिवला न्यायचं ठरलं. रणधीरनं गाडी काढली, मदतीला सायराबी मागं बसल्या. सकाळी आठला सगळे गेले. राजेश्वरी दहाला सवयीनं वर गेली आणि सांगत सुटली. भाग रंगला होता. वाटसरू गावातल्या शेवटच्या घरापाशी आला होता, आत कुणीतरी म्हातारा खोकत होता. तिनं पाणी प्यायला घेतलं आणि सहज फोनकडं पाहिलं.

'म्हाताऱ्यानं कूस बदलली. हं. त्यानं दाराकडं पाहिलं नाही. हं.'

घरात कुणी नव्हतं. आबा आत्ता धाराशिवच्या दवाखान्यात रांगेत होते.

तिनं हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. पडद्यावरची खूण लुकलुकत होती, ती शांत होती तरी फोन ऐकत होता. खालच्या रस्त्यानं एक टेम्पो गेला. मग पडद्यावर एकच शब्द उमटला.

'मग'

४

दुसऱ्या दिवशी तिनं एक पक्की परीक्षा घेतली. रणधीरचा जुना फोन खिडकीत ठेवला, त्यावर नुसता आवाज भरायला लावला, आणि नेहमीसारखा भाग सांगितला. मग तो जुना फोन घेऊन ती खाली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून ऐकायला लागली.

तिचाच आवाज. गोष्ट. जिथं हं असायला हवा तिथं एक छोटीशी स्तब्धता. हं नाही. दुसरा कसलाच आवाज नाही. पत्रा तापल्याचा टिक टिक आवाज तेवढा. तिला हायसं वाटायला लागलं होतं.

मग वीस मिनिटांच्या सुमाराला ती स्तब्धता जरा लांबली, आणि राजेश्वरीचाच आवाज हलक्यानं, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "सांगते की. दम धर."

आणि गोष्ट पुढं सुरू झाली.

हे आपण बोललो होतो हे तिला आठवत नव्हतं. तिनं मागं घेऊन पुन्हा ऐकलं. पुढं आणखी दोन ठिकाणी होतं. एकदा नुसतं "व्हय व्हय", आणि शेवटी, जाताना, "उद्या येते."

रणधीरनं सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस समजूतदार होता, टर उडवणारा नव्हता. "तूच बोलतीयास की गं," तो म्हणाला. "दुसरं कोण हाय ह्यात?"

त्याचं खरं होतं. दुसरं कुणीच नव्हतं.

त्या रात्री राजेश्वरीनं ठरवलं, बस झालं. मालिका तर पुरी करायची, तोंडातून शब्द मात्र काढायचा नाही. ती हट्टी होती, आणि आपल्या हट्टावर तिचा विश्वास होता. दुसऱ्या दिवशी ती आपली टिपणांची वही घेऊन वर गेली, दार लावलं, आणि डाव्या हातानं लिहायला बसली.

५

डाव्या हातानं लिहिणं म्हणजे शिक्षाच. अक्षरं पोरांच्या पाटीवरच्यासारखी वाकडी. तीन तासांत एक पान कसंबसं होई. सुचलेलं वाक्य लिहून होईपर्यंत शिळं व्हायचं. मजेचा तर प्रश्नच नव्हता. राजेश्वरी दात आवळून लिहीत राहिली. निकिताला तिनं कळवलं की हात दुखतोय, भाग उशिरा मिळतील.

खोली गप्प होती. पण गोष्ट सांगणारा मधेच थांबला की समोर बसलेलं माणूस जसं गप्प असतं, तसली ती गप्पगार. राजेश्वरीला ती शांतता मानेवर जाणवायची. ती मान वर करायची नाही.

आठव्या दिवशी एकला ती खाली आली तर सायराबी काजं करता करता कौतुकानं म्हणाल्या, "बेटी, तुझी गोष्ट लई रंगली दिसती आजकाल. आबा बघ की कशे खूश हैत. आठ दिस झाले, तू वर गेली की ओठ हलतेत, हं, हं, हं. मला मेलीला कान न्हाईत, न्हाय तर मी बी आयकली आसती."

राजेश्वरी जिथं होती तिथंच उभी राहिली. आठ दिवस तिनं वर एक शब्द उच्चारला नव्हता.

"हं," आबा म्हणाले.

ते तिच्याकडं बघत नव्हते. त्यांची मान उशाच्या डाव्या अंगाला वळलेली होती, आणि चेहऱ्यावर, लकव्यानं अर्ध्या पडलेल्या त्या चेहऱ्यावर, ऐकणाऱ्याचा भाव होता. काही क्षण गेले. "हं." पुन्हा काही क्षण. मग आबा हसले, खांदे हलवून, आवाज न करता. डोळ्यांतून पाणी आलं एवढे हसले.

कुठल्या जागी हसले ते राजेश्वरीला कळलं. वाटसरू बघतो तर सरपंचाच्या खुर्चीत शेळी बसलेली असते, आणि सगळं गाव तिच्यापुढं हात जोडून उभं असतं. ती जागा तिनं अजून कुणालाही सांगितलेली नव्हती. वहीच्या मागच्या पानावर चार शब्दांत टिपून ठेवलेली होती. पण तेरला, तिच्या लहानपणी, शेळीच्या असल्याच करामतीवर आबा असेच हसायचे.

"जेवले का आबा?" तिनं हातानं घासाची खूण करून विचारलं.

"कालपासनं खाईनात," सायराबी म्हणाल्या. "घास भरवला तर हं म्हनायला तोंड उघडतेत अन् घास बाहेर. पन मी म्हटलं, राहू दे, पोरीची गोष्ट आयकून ऱ्हायलेत."

रणधीरनं संध्याकाळी खाट मागच्या खोलीत हलवली. आबांचा हुंकार चालूच राहिला. सकाळी त्यानं त्यांना गाडीत घालून भट्टीवर नेलं, माणसांत, आवाजात, धुरात. तिथंही ते डाव्या अंगाला मान वळवून हं म्हणत राहिले. तालुक्याचे डॉक्टर आले, सलाइन लावून गेले. अशक्तपणा आहे म्हणाले.

६

राजेश्वरीनं वही उघडली ती शेवट बघायला. साठाव्या भागाचा शेवट तिनं मालिका सुरू व्हायच्या आधीच ठरवून लिहून ठेवला होता.

शेवटच्या घरातला म्हातारा उठून बसतो. पायानं चपला चाचपतो. वाटसरू हात पुढं करतो, म्हातारा तो धरतो. दोघं मिळून चालायला लागल्यावरच गावाबाहेरची वाट दिसते. सकाळी माणसं येतात तर खाट रिकामी.

तो म्हातारा तिनं आबांवरून घेतला होता. खोकला आबांचा, उशाशी तंबाखूची डबी आबांची. लिहिताना तिला ते फार छान सुचलंसं वाटलं होतं. आता त्या ओळींकडं बघताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

गोष्ट कुणीतरी पुढं नेत होतं. शेवट तोच ठेवून.

ती बाहेर आली तेव्हा साडेअकरा झाले होते, अंगणात लख्ख ऊन होतं. आबांची खाट पुन्हा पुढच्या खोलीत आणलेली होती. सायराबी सुईत दोरा ओवत होत्या. आबांचे हुंकार आता लागोपाठ येत होते, हं, हं, गोष्ट शेवटाला आली की येतात तसे. आणि चादरीच्या बाहेर आबांचा उजवा पाय, दोन वर्षं लुळा पडलेला पाय, खाटेवरून खाली सोडलेला होता. अंगठा फरशीवर पुढंमागं फिरत होता. चपला शोधत होता.

राजेश्वरीनं उशाच्या डाव्या अंगाला पाहिलं. तिथं गादीचा काठ खाली दबलेला होता. कुणी टेकलं की दबतो तेवढा.

ती ओरडली नाही. ओरडून गोष्ट थांबत नाही हे ती जाणत होती. सांगणाऱ्याला दुसऱ्या सांगणाऱ्यानंच थांबवायचं असतं. तिनं सतरंजी ओढली, खाटेच्या उजव्या बाजूला मांडी ठोकली, आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"तर आबा, म्हातारा उठून बसला खरा. पण त्याला चपला काही सापडंनात."

"हं," आबा म्हणाले. पण तो हं तिच्या 'सापडंनात'च्या मधेच पडला. तो तिचा नव्हता.

ती सांगत राहिली. म्हातारा चपला शोधतोय, एक खाटेखाली गेली, एक कुत्र्यानं नेली. आबांचे हं तिच्या शब्दांना आडवे येत राहिले. तिला स्वतःचं सांगणं ऐकू येत होतं, घाबरलेलं, कोरडं, नुसती वेळ काढणारं. आबांनी डावा हात उचलला. बोटं हवेत वळली आणि कशावर तरी मिटली.

त्या क्षणी राजेश्वरीला कळून चुकलं की असं चालणार नाही. भीतीनं सांगितलेली गोष्ट कुणी ऐकत नाही. कर्तव्य म्हणून सांगितलेली तर नाहीच. पलीकडं जे कोण होतं ते रंगून सांगत होतं, आणि आबा जन्मभर रंगलेल्या गोष्टीच्याच मागं गेलेले होते.

तिनं डोळे मिटले. भीती होती तशी राहू दिली आणि त्या म्हाताऱ्याकडं नीट पाहिलं. हा म्हातारा असा मुकाट हात धरून जाईल? हा? लग्नघरात नवरदेवाची वरात ताटकळत ठेवून गोष्ट पुरी करणारा?

"आबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "म्हातारा वाटसरूला म्हणतो, येतो की बाबा, मी कुठं न्हाय म्हणतोय. पण एक अडचण हाय. कालची माझी एक गोष्ट अर्धी राहिलीया. अर्धी गोष्ट टाकून आमच्यात कुणी जात न्हाय. तू आसं कर. खाली बस, आन् हुंकार दे."

आबांचा हुंकार थांबला होता.

"वाटसरू म्हणतो, मला टाइम न्हाय. म्हातारा म्हणतो, मग ऱ्हायलं. पण त्या गोष्टीत एक बाई हाय, आन् तिनं आपला नवरा दह्याच्या मडक्यात लपवून ठिवलाय. आता वाटसरू माणूसच तो. त्यानं विचारलं, का?"

आबांचे डोळे हळूहळू फिरले. उशाच्या डावीकडून, छतावरून, तिच्या चेहऱ्यावर आले. मिटलेली बोटं एकेक करून सुटली.

"हं," आबा म्हणाले. तिच्या थांबण्याच्या जागी. बरोबर तिथंच.

राजेश्वरी सांगत सुटली. मडकं, दही, नवऱ्याच्या मिशा, मडकं मागायला आलेली शेजारीण. तिला सुचत होतं आणि सुचताना मजा येत होती, गालावरून पाणी वाहत होतं तरी येत होती. आबांचा पाय पुन्हा लुळा होऊन लोंबला. सायराबींनी उठून तो वर घेतला, चादर घातली, आणि पुन्हा काजं करायला लागल्या. उशापाशी गादीचा दबलेला काठ अलगद वर आला.

मग राजेश्वरीच्या गुडघ्याखालची सतरंजी किंचित ताणली गेली. डाव्या बाजूनं. शेजारी कुणी मांडी घालून बसलं की ताणली जाते तशी.

तिनं तिकडं पाहिलं नाही. मडक्यातल्या नवऱ्याला शिंक आली, असं तिनं सांगितलं.

७

हे झालं त्याला आता चार महिने झाले. प्लास्टर निघालं, हात चांगला आहे, पण राजेश्वरी हातानं लिहीत नाही. वरच्या खोलीला कुलूप आहे. दहाला ती आबांच्या खाटेपाशी सतरंजी टाकते, फोन मांडीवर ठेवते आणि एकपर्यंत सांगते. आबा जेवतात, झोपतात. अंगावर थोडं मांसही आलंय.

म्हाताऱ्याची गोष्ट काही संपत नाही. एक आटोपत आली की तिच्या पोटातून दुसरी निघते, आणि वाटसरू बसून राहतो.

"ताई, भाग एकशे पंच्याहत्तर," निकिता परवा फोनवर म्हणाली. "ही साठला संपणार होती. म्हणजे तक्रार नाहीये, लोक वेड्यासारखे ऐकतायत. फक्त संपवायची कधी ते सांगा."

"संपवायची न्हाय."

"बरं," निकिता म्हणाली. "ताई, त्या भागांत मधे मधे हं राहून जातात. आम्ही काढतो इकडं."

"काढत जा."

"पण तुम्हाला मजा येतेय ना लिहिताना? ऐकताना कळतं ते."

"यावीच लागती," राजेश्वरी म्हणाली.

निकिताला ते उत्तर आवडलं. राजेश्वरीनं फोन ठेवला.

काल तिला ताप होता. अंग मोडून आलं होतं, तरी ती दहाला बसली. रणधीर म्हणाला होता, एक दिस न्हाय सांगितली तर काय बिघडतंय. आबा गाढ झोपले होते, ओठ मिटलेले. तिनं सुरुवात केली. डाव्या बाजूचा हुंकार वेळच्या वेळी येत होता, तो आता तिला फोनशिवाय ऐकू येतो. मग साडेबाराच्या सुमाराला डोकं ठणकायला लागलं आणि ती सांगून गेली, "त्या गावाला एक शाळा होती, शाळेला कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडं शेत होतं."

ती थांबली. हुंकार आला नाही.

तिनं थोडी वाट पाहिली. सतरंजीचा ताण कमी होत होता, उठताना होतो तसा. खाटेवर, झोपेतच, आबांची मान उशाच्या डाव्या अंगाला वळली, आणि मिटलेले ओठ विलग व्हायला लागले.

"न्हाय," राजेश्वरी म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "चुकलं माझं. कुंपणबिंपण काही नव्हतं. शाळा होती, पण तिच्यात पोरं न्हवती. रोज सकाळी घंटा व्हायची, आन् गावातली सगळी म्हातारी माणसं दप्तर घेऊन आत जायची. मास्तर कोण होता म्हायतीय?"

आबांचे ओठ तसेच थांबले.

"हं," तिच्या शेजारून आलं.

मास्तर कोण होता ते तिलाही माहीत नव्हतं. तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला, सतरंजीवर डावीकडं थोडी जागा करून दिली, आणि मास्तर शोधायला लागली.